मुतखडा पडेपर्यंत: कळ, गाळणं आणि सहा आठवडे

कळ कधीही येते, पण पहाटे तीनला आली की घरातल्या सगळ्यांची तारांबळ उडते. बरगडीच्या खाली, पाठीच्या एका बाजूला आधी नुसतं अवघडल्यासारखं वाटतं. गॅस असेल म्हणून माणूस ओवा चावतो आणि अर्ध्या तासात जमिनीवर लोळायला लागतो. उभं राहून बरं वाटत नाही, बसून नाही, पालथं पडूनही नाही. मुतखड्याची कळ ओळखायची ती या तगमगीवरून. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर हललं की जास्त दुखतं, म्हणून तो माणूस पाय पोटाशी घेऊन गुमान पडून राहतो. मुतखड्याचा माणूस हॉलमध्ये येरझारा घालतो. सोबत मळमळ, उलटी, घाम असतो आणि दुखणं कुशीतून पुढे जांघेकडे उतरतं.

इतकं का दुखतं हे कळलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी नळी वीतभरापेक्षा थोडी लांब, साधारण २५ सेंटीमीटर, आणि आतून फक्त ३ ते ४ मिलिमीटर रुंद. खडा तिच्यात अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगतं आणि त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं. कळ मुख्यतः या ताणाची असते. खड्याच्या टोकांनी नळी खरवडली जाते हे खरं, पण तो दुय्यम भाग. म्हणूनच ३ मिलिमीटरचा खडा माणसाला लोळवतो आणि मूत्रपिंडात पडून राहिलेला १५ मिलिमीटरचा खडा अनेकदा काही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो.

पहिला तास

गोळी घेण्याआधी ताप मोजा. हा क्रम महत्त्वाचा आहे. वेदनाशामक गोळ्या तापही उतरवतात आणि मुतखड्यात ताप ही सगळ्यात मोलाची सूचना. ती गोळीखाली झाकली गेली तर दवाखान्यातही चुकीचा अंदाज बांधला जातो. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर पुढचं वाचत बसू नका. कोणाला तरी सोबत घेऊन हॉस्पिटलला निघा.

ताप नसेल तर कळेवर सगळ्यात उपयोगी औषध डायक्लोफिनॅकच्या जातीचं. ते नुसतं दुखणं बधिर करत नाही. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे तुंबलेल्या मूत्रपिंडात दाब वाढत असतो, ते द्रव्यच हे औषध कमी करतं, म्हणजे घाव मुळावर बसतो. प्रौढ माणसाला ५० मिलिग्रॅमची गोळी, दोन डोसांत आठ तासांचं अंतर आणि दिवसभरात १५० मिलिग्रॅमची मर्यादा. पोटात उलट्यांमुळे काही टिकत नसेल तर गोळी गिळून उपयोग नाही. तिथे दवाखान्यात ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात, किंवा गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी मिळते.

आता हे औषध कोणी घ्यायचं नाही ते. ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे, अल्सर होता किंवा आहे, हृदयविकार आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, अशा गोळ्यांनी दमा उसळतो, किंवा ज्या गरोदर आहेत. या सगळ्यांनी पॅरासिटामॉलवर राहायचं, ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, आणि लवकरात लवकर डॉक्टर गाठायचा. घरोघर होणारी चूक अशी: मेडिकलमधून आणलेल्या पाकिटात डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं, वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली जाते, आणि कळ थांबली नाही म्हणून डब्यात पडलेली कंबरदुखीची जुनी गोळी, जी त्याच जातीची निघते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि एका जातीची दोन औषधं एकत्र करू नका. कुठली गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि कळेत वेळ आठवत नाही.

पोटातला मुरडा घालवणाऱ्या गोळ्या, म्हणजे ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिन, आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. सोबतीला चालतात, पण एकट्या त्यांच्या भरवशावर राहू नका.

शेक खरोखर उपयोगी पडतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कुशीत, पंधरा-वीस मिनिटं. उघडी पिशवी पाठीला लावू नका; कळेत चटका जाणवत नाही आणि सकाळी कातडीवर फोड दिसतात.

आणि पाणी. पहिला सल्ला प्रत्येकाकडून हाच येतो: तांब्याभर पाणी पी, दाबाने खडा निघून जाईल. कळ चालू असताना हे करू नका. नळी बंद आहे. वरून जितकी जास्त लघवी तयार होईल तितकं मूत्रपिंड फुगणार आणि तितकी कळ वाढणार. हेच सलाइनचं. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाइन हवंच, पण ‘दोन बाटल्या लावा म्हणजे खडा वाहून जाईल’ असं होत नाही. कळेत घोट-घोट, तहान भागेल इतकंच. भरपूर पाण्याची वेळ कळ ओसरल्यावर येते.

लगेच कधी निघायचं

तापाचं सांगितलं. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते थेट रक्तात जातात आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही. आतून नळी घालून किंवा पाठीतून सुईवाटे लघवीला वाट करून द्यावी लागते. मधुमेह असलेल्यांनी इथे जास्तच सावध राहायचं. त्यांच्यात ताप कमी दिसतो, संसर्ग मात्र जोरात असतो.

लघवी अजिबात होत नसेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा एकच चालत असेल, दोन्ही बाजूंना खडे असतील, रुग्ण गरोदर असेल, गोळी घेऊन तासाभरानंतरही कळ तशीच असेल, किंवा पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल तर ती मुतखड्याचीच आहे असं घरी ठरवू नका. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फाटायला आली तरी हुबेहूब असंच दुखतं. पाळी चुकलेल्या बाईच्या बाबतीत गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात अचानक कळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे अक्षरशः तास मोजले जातात.

कळ असलेल्या माणसाने स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत जायचं नाही. कळेची लाट आली की हात हँडलवर राहत नाहीत. रिक्षा मिळाली नाही तर १०८ ला फोन करा. ही सरकारी रुग्णवाहिका विनामूल्य आहे. जवळच्या हॉस्पिटलात जाताना एवढं विचारून घ्या की रात्री सोनोग्राफी किंवा सीटी होतं का आणि युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे तज्ज्ञ, येतात का. पुणे स्टेशनजवळच्या ससूनमध्ये तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो. सोबत जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि रेशन कार्ड ठेवा. शेवटची दोन का, ते पुढे येईल.

रिपोर्ट वाचताना

साधारण तीन गोष्टी होतात: लघवीची तपासणी, रक्तात क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशी, आणि चित्र. लघवीत रक्तपेशी बहुतेकांना सापडतात, पण काहींना सापडत नाहीत, म्हणून लघवी स्वच्छ आली तरी खडा नाही असं ठरत नाही.

सोनोग्राफी स्वस्त, बिनधोक आणि कुठल्याही पेठेत होणारी. तिला मूत्रपिंड आणि त्याची सूज छान दिसते, मूत्राशय भरलेलं असेल तर नळीचं खालचं टोकही दिसतं, पण मधली नळी आतड्यांतल्या हवेआड जाते. त्यामुळे ‘खडा दिसला नाही, पण सूज आहे’ असा रिपोर्ट आला तर खडा बहुधा मधल्या पट्ट्यात आहे. पक्कं उत्तर साध्या सीटी स्कॅनने मिळतं. त्याला शिरेतून रंगाचं औषध लागत नाही, दोन-चार मिनिटं टेबलावर पडायचं इतकंच. ‘कमी किरणांचं करता येईल का’ असं जरूर विचारा. गरोदर बाईला सीटी नको, तिथे सोनोग्राफीवरच भागवतात.

रिपोर्टात शोधायचे शब्द असे. कॅल्क्युलस म्हणजे खडा. हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे लघवी तुंबून मूत्रपिंडाला आलेली सूज. ‘माइल्ड’ लिहिलं असेल तर घाबरायचं कारण नाही, कळेत ती असतेच. पीयूजे म्हणजे मूत्रपिंड आणि नळी यांचा सांधा, व्हीयूजे म्हणजे नळी मूत्राशयात शिरते ते तोंड. नळी तीन ठिकाणी अरुंद आहे: वर पीयूजे, मध्ये कंबरेच्या हाडाच्या कडेवर मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि खाली व्हीयूजे. खडे याच तीन थांब्यांवर रेंगाळतात. व्हीयूजे सगळ्यात अरुंद.

आकाराचा अंदाज डाळ-दाण्यांवरून धरा. मोहरी साधारण २ मिलिमीटर, ज्वारीचा दाणा ४, काबुली नसलेला साधा हरभरा ७-८. मोहरीएवढा खडा बहुधा आठवड्याभरात पडतो. ज्वारीएवढ्याला दोन आठवडे धरा, ५-६ मिलिमीटरला तीन. ही सरासरी आहे. काहींना यातल्याच आकारांना चाळीस दिवस लागतात. ५ मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोन तृतीयांश खडे आपोआप पडतात, ५ ते १० मधले निम्म्याच्या आसपास, आणि त्यातही ६ च्या पुढे शक्यता झपाट्याने उतरते. वर अडकलेल्यापेक्षा खाली पोचलेला खडा पडण्याची शक्यता बरीच जास्त. सोनोग्राफीत छोटे खडे खऱ्यापेक्षा मोठे मोजले जातात हेही ध्यानात असू द्या. ७ चा म्हणून सांगितलेला खडा सीटीत ५ चा निघतो.

खडा कुठवर आला हे अंगही सांगतं. वर असेल तेव्हा पाठ आणि कूस दुखते. मध्ये आला की दुखणं पोटाच्या पुढे, जांघेत, पुरुषांना वृषणात उतरतं. व्हीयूजेशी पोचला की दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं, चार थेंब होतात, टोकाशी जळजळ होते. ही जळजळ पुष्कळदा संसर्ग समजली जाते आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेतलं जातं. ते नको. खडा मूत्राशयाच्या दारात आहे, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. ताप आला तर मात्र तो अर्थ बदलला.

वाट बघण्याचे आठवडे

कळ थांबली, ताप नाही, क्रिएटिनिन ठीक आहे आणि खडा लहान आहे, तर डॉक्टर घरी पाठवतात. इथून पुढे मर्यादा साधारण चार ते सहा आठवड्यांची. त्यापलीकडे नळी अडलेली राहिली तर मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान व्हायला लागतं. म्हणून घरी आल्या आल्या कालनिर्णयावर दोन तारखा लिहा: दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, सहा आठवड्यांनी शेवट.

खडा ५ मिलिमीटरच्या वर आणि नळीच्या खालच्या भागात असेल तर टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम लिहून देतात. कॅप्सूल रात्री जेवणानंतर, न फोडता, न चावता. ही प्रोस्टेटची गोळी म्हणून ओळखीची, त्यामुळे बाईमाणसाच्या चिठ्ठीवर ती दिसली की घरात शंका निघते. नळीच्या खालच्या भागातले स्नायू याच औषधाने सैल पडतात, बाईचे काय नि पुरुषाचे काय. गोळीने रक्तदाब थोडा उतरतो; रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. पुरुषांना वीर्य कमी आल्यासारखं किंवा न आल्यासारखं वाटेल, गोळी थांबली की ते पूर्ववत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधीच सांगा, ऑपरेशनमध्ये तिचा त्रास होतो.

पाणी आता व्यवस्थित प्या, पण ‘खडा ढकलायला’ पाच-सहा लिटर नको. दिवसभरात लघवी दोन-अडीच लिटर व्हावी आणि तिचा रंग पातळ लिंबू सरबतासारखा राहावा, इतकं पुरे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा घामावाटे इतकं जातं की तीन लिटर पिऊनही लघवी गडद दिसते. किती प्यायलात ते मोजण्यापेक्षा किती झाली आणि कोणत्या रंगाची, ते बघा.

घरगुती उपायांविषयी आमचं मत सरळ आहे: जे अन्न म्हणून चांगलं आहे ते खा-प्या, खडा विरघळेल म्हणून नको. हुलग्याचं माडगं, कोकणातल्या घरी कुळथाचं पिठलं, शहाळं, लिंबूपाणी, केळीच्या खुंटाचा रस, कुंडीतल्या पानफुटीची पानं. यातल्या लिंबू आणि शहाळ्यात लघवीतलं सायट्रेट वाढवणारं काही आहे, ते नवा खडा धरू नये म्हणून उपयोगी. पण दहा खड्यांमधले जवळपास आठ कॅल्शियमचे असतात आणि तयार झालेला कॅल्शियमचा खडा कुठल्याही काढ्याने विरघळत नाही. ज्वारीएवढा खडा दोन आठवड्यांत तसाही पडतो. त्या दोन आठवड्यांत जे प्यायलं जातं त्याला श्रेय मिळतं. मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्यांनी शहाळ्याचा मारा करू नये, त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. बियरने लघवी जास्त होते आणि मग अंग कोरडं पडतं. वर टॅमसुलोसिन चालू असेल तर चक्कर ठरलेली. लेबल नसलेली कुठलीही ‘खडा पाडायची’ पुडी घेऊ नका.

लघवीची जळजळ थांबवणारं सायट्रेटचं सिरप मेडिकलमध्ये सहज मिळतं. यूरिक ॲसिडचा खडा असेल तर लघवीचा आम्लपणा घालवून खडा विरघळवता येतो. खरोखर विरघळणारा नेहमीचा खडा हाच, आणि तिथे हे औषध कामाचं आहे. संसर्गातून झालेल्या खड्याला मात्र आम्लपणा गेलेली लघवीच पोषक ठरते. म्हणजे खड्याची जात न कळता सिरप सुरू करणं हा जुगार आहे.

चालत राहा, कामावर जा. खड्ड्यांतून स्कूटर हाणली की खडा पडतो, हा विनोद दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतोच. तसं असतं तर पुण्यात मुतखडा शिल्लक राहिला नसता. उड्या मारायची गरज नाही. पण सिंहगडाच्या पलीकडचे ट्रेक, लांबचा विमानप्रवास, एकट्याने घाटातून गाडी चालवणं या आठवड्यांत टाळा, कारण कळ परत येऊ शकते आणि ती सांगून येत नाही. पिशवीत वेदनाशामकाच्या दोन गोळ्या, उलटीची एक, रिपोर्टचा फोटो आणि गाळणं ठेवा.

गाळणं

खडा हाती लागेपर्यंत प्रत्येक लघवी गाळून बघायची. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. कळ थांबली, खडा पडला असणार, असं म्हणून विषय मिटतो. कळ मात्र खडा न पडताही थांबते: नळी हळूहळू ताणून सैल पडते, मूत्रपिंड लघवी कमी बनवायला लागतं, आणि खडा तिथेच. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही आणि सहा महिन्यांनी त्या बाजूचं मूत्रपिंड वाळलेलं सापडतं. म्हणून खडा डोळ्यांनी दिसेपर्यंत किंवा चित्रात नाहीसा झालेला दिसेपर्यंत तो आत आहे असंच धरायचं.

चहाचं स्टीलचं गाळणं चालेल, फक्त त्याची जाळी बारीक हवी आणि ते परत स्वयंपाकघरात जायला नको. जाळी मोठी वाटली तर आत मलमलचा दुहेरी तुकडा बसवा. पुरुषांनी थेट गाळण्यातून, खाली मग धरून. बायकांना आणि भारतीय संडासात बसणाऱ्यांना रुंद तोंडाच्या मगात लघवी धरून मग गाळणं सोपं जातं. ऑफिसात गाळणं काढणं अवघड असेल तर रुंद तोंडाची पारदर्शक बाटली न्या. लघवी धरून दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवली की खडा तळाशी बसतो, बाटली तिरकी केली की तो तळाच्या कडेने घरंगळताना दिसतो. प्रत्येक वेळी गाळायचं. रात्रीची झोपेतली एक लघवी सुटते आणि खडा नेमका तिच्यातच जातो.

खडा मूत्राशयात उतरला की कळ एकदम, बटण बंद केल्यासारखी थांबते. वाट अजून संपलेली नाही, पण पुढची नळी बरीच रुंद आहे. आता पाणी भरपूर प्या, मूत्राशय चांगलं भरू द्या आणि एका दमात मोकळं करा. थोडी-थोडी केली तर खडा मूत्राशयाच्या तळाशी बसून राहतो. बाहेर येताना चुणचुण होते, कधी धार तुटते, गुलाबी लघवी होते. एक-दोन दिवस हे चालतं. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसात खडा मूत्राशयातच अडकून राहू शकतो. धार मध्येच थांबून लघवी पूर्ण बंद झाली तर हॉस्पिटल. पिन, काडी, चिमटा घालून काढायचा प्रयत्न चुकूनही करू नका.

गाळण्यात काय सापडलं ते बोटांनी ओळखा. रक्ताची गुठळी दाबली की पसरते, खडा कडक राहतो. तपकिरी-काळपट आणि गुळगुळीत, फिकट आणि काटेरी, किंवा पिवळट-नारिंगी, असे तिन्ही प्रकार दिसतात. शेवटचा बहुधा यूरिक ॲसिडचा. नुसत्या रंगावरून जात ठरवू नका, तपासणीला द्या. साध्या पाण्याने धुवा, पांढऱ्या कागदावर एक दिवस वाळू द्या आणि कोरड्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा. स्पिरिट नको, फॉर्मेलिन नको, आणि चिकटपट्टीने कागदावर चिकटवू नका, गोंदाने तपासणी बिघडते. कुंकवाची जुनी डबीही नको, त्यातला रंग लागतो. पहिला तुकडा सापडल्यावरही दोन दिवस गाळत राहा, खडे फुटून येतात.

तारीख उलटली तर

सहा आठवडे झाले, किंवा त्याआधीच ताप आला, क्रिएटिनिन चढलं, कळ रोज यायला लागली, तर खडा काढावा लागतो. नळीतल्या खड्याला बहुधा दुर्बीण आणि लेझर. लघवीच्या वाटेनेच जातात, कुठे टाके पडत नाहीत. काही खड्यांना बाहेरून लहरींनी फोडता येतं. मूत्रपिंडातल्या २ सेंटीमीटरच्या वरच्या खड्याला पाठीतून छिद्र पाडून जावं लागतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवायला सांगितलं ते यासाठी.

दुर्बिणीनंतर पुष्कळदा आत डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. ती असेपर्यंत वारंवार लघवी लागते, लघवी करताना कूस ओढल्यासारखी दुखते, धावपळीनंतर लघवी लाल होते. हे सगळं त्या नळीचं, ती निघाली की जातं. पण ती काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही टाका. त्रास नाही म्हणून विसरलेल्या स्टेंटवर काही महिन्यांत खडे चढतात आणि मग तो काढायलाच ऑपरेशन लागतं.

खडा हातात आल्यावर

ज्याला एकदा झाला त्यातल्या निम्म्यांना दहाएक वर्षांत पुन्हा होतो, म्हणून डबीतला खडा लॅबपर्यंत पोचवणं आळसावर सोडू नका. रिपोर्टात कॅल्शियम ऑक्झलेट आलं तर लोक पहिलं काम करतात ते दूध-दही बंद, आणि नेमकं ते उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे अळू-पालकासारख्या अन्नातून येणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतं आणि ते शौचावाटे जातं. कॅल्शियम कमी केलं की मोकळं ऑक्झलेट लघवीत उतरतं. अळूच्या फदफद्यात अळू, शेंगदाणे, दोन्ही ऑक्झलेटवाले. लग्नाच्या पंगतीत वाटीभर खाल्लं तर आकाश कोसळत नाही, पण सोबत दही किंवा ताक घ्या. पालक उकडून पाणी फेकून दिला तर बराच हलका होतो. टोमॅटोच्या बियांचं भय निष्कारण आहे.

मिठाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. मीठ जास्त गेलं की लघवीत कॅल्शियम जास्त जातं. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर, भाजी, आमटी, भाकरी सगळं धरून. मिसळीवरची फरसाण, पापड, लोणचं याच हिशेबात. मटण, कलेजी आणि मोठ्या प्रमाणावरचा मांसाहार यूरिक ॲसिडवाल्यांनी आवरता घ्यायचा. क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज खायची सवय असेल तर थांबवा, त्यांचंही अंगात ऑक्झलेट होतं.

खडकवासल्याचं धरणाचं पाणी बरं की सोसायटीच्या टँकरचं, बोअरचं जड पाणी वाईट, हा वाद गेटवर फार रंगतो. जड पाण्याने बादलीवर जो पांढरा थर बसतो तो मूत्रपिंडात बसत नाही. पाणी पिण्यालायक असेल तर जड-हलक्यापेक्षा किती पिता याला वजन आहे.

एकादशीचा दिवस जपा. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळं, बहुतेक ताट ऑक्झलेटचं. त्यात कडक उपास म्हणून पाणीही कमी. उपास करायचा तर दही-दूध ताटात ठेवा आणि पाणी वगळू नका. आणि रात्री झोपताना एक ग्लास पाणी. लघवी सगळ्यात दाट होते ती पहाटे. मध्ये उठावं लागलं तर परत पडण्याआधी आणखी अर्धा.